ढगाचं भाडं

शिड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात बटणरावांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना बटणरावच म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हुद्दा प्रशासन अधिकाऱ्याचा. म्हणजे मोडक्या खुर्च्या, तुंबलेली मोरी, शिपायांच्या रजा आणि ज्या कामाला दुसरा कुणी वाली नाही असं प्रत्येक काम. पण त्यांची कीर्ती झाली होती ती दिव्यांमुळे. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांना राहवत नसे. जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्या मजल्यांवरून एक फेरी मारत आणि खटाखट बटणं बंद करत जात. एकदा हिशेबनीस पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली शिरले होते. बटणरावांना खोली रिकामी दिसली, त्यांनी अंधार केला, आणि हिशेबनीस बाहेर आले ते टेबलाला डोकं आपटूनच. माफी वगैरे मागण्याचा प्रश्न नव्हता. खोलीत असाल तर दिसत जा, एवढंच बटणराव म्हणाले.

अशा माणसाकडे क्लाउडचं बिल गेलं नसतं तरच नवल.

त्याचं झालं असं. कारखान्याची वेबसाइट, ऑर्डरी, हिशेब, सगळं काही वर्षांपूर्वी क्लाउडवर गेलं होतं. शिड्या विकणाऱ्यानं ढगात जायचं नाही तर कुणी जायचं, असा एक विनोदही तेव्हा झाला होता आणि तो करणाऱ्यानं वर्षभर तो पुरवून वापरला होता. क्लाउडचं बिल दर महिन्याला येई आणि परस्पर भरलं जाई. एका महिन्यात मात्र ते चुकून मालकांच्या हातात पडलं.

मालक म्हणजे उंच, अबोल आणि कमालीचा विसराळू माणूस. छत्री विसरत, चष्मा विसरत, एकदा तर स्वतःच्या गाडीतून गेले आणि दुसऱ्याच्या गाडीतून घरी आले. पण एका बाबतीत त्यांची स्मरणशक्ती लखलखीत होती. कामावरच्या कुणाचाही वाढदिवस असो, सकाळी फोनवर मालकांचा संदेश हजर. नुसत्या शुभेच्छा नव्हेत, त्या माणसाविषयी एक खास वाक्य. तोंडानं चार शब्द न बोलणारा हा माणूस आपल्याला इतकं ओळखून आहे, या एका गोष्टीवर अख्खा कारखाना त्यांच्यावर जीव टाकत असे.

तर मालकांनी बैठकीत बिल फडकवलं आणि हे एवढं कशाचं, असं विचारलं. संगणक विभागाचे प्रमुख म्हणाले, "बघतो." या गृहस्थांना कारखान्यात बघतोसाहेब म्हणत, कारण आजवर त्यांनी कुठल्याही प्रश्नाला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. मालकांनी नजर फिरवली आणि ती बटणरावांवर थांबली. बाकीच्यांच्या नजरा आधीच तिथे जाऊन पोहोचल्या होत्या. अशा वेळी, आपल्याला क्लाउड म्हणजे काय हे माहीत नाही, असं सांगणारी माणसं जगात असतात. बटणराव त्यांतले नव्हते. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि काम अंगावर घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं. बायको शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे ढग हा तिचा प्रांत आहे असं त्यांचं मत होतं. तिनं आधी हसून घेतलं, मग फोनवर थोडं वाचलं आणि सोपं करून सांगितलं. दूर कुठेतरी मोठमोठ्या इमारतींत भाड्याची मशीन असतात. तुमची कामं त्या मशीनवर चालतात. मशीन चालू आहे तोवर मीटर पळतो, तुम्ही ते वापरा नाहीतर न वापरा. "म्हणजे कसं," ती म्हणाली, "परगावी हॉटेलात दहा खोल्या घेतल्या, सगळे दिवे-पंखे लावले, आणि कुलूप न लावता आपण घरी निघून आलो."

बटणराव ताटावरून उठलेच. रिकाम्या खोल्या, चालू दिवे, आणि खोल्यासुद्धा आपल्या नाहीत. आजवर त्यांनी विझवलेले सगळे दिवे त्यांना एकदम क्षुल्लक वाटू लागले. क्लाउड त्यांना संपूर्ण समजला होता.

पण दिवे विझवायचे तर आधी खोलीत शिरायला हवं, आणि पहिली अडचण दारातच निघाली. क्लाउडवरचं खातं होतं आधीच्या संगणकबाईंच्या नावावर. या बाई दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या होत्या, आणि दप्तरात त्यांचा जो फोन नंबर होता तो आता एका दाढीवाल्या आवाजाचा निघाला. बटणरावांनी क्लाउडवाल्या कंपनीला रीतसर पत्र धाडलं. उत्तर आलं की खातेदारानं स्वतः अर्ज करावा. यांनी कळवलं की खातेदार नोकरी सोडून गेल्या. उत्तर आलं की तसं असल्यास खातेदारानं खात्यात शिरून तसं नोंदवावं. यांनी कंपनीच्या शिक्क्यानिशी दाखला पाठवला. शिक्का अस्पष्ट आहे, असं उत्तर आलं. यांनी नवा शिक्का करून घेतला. नवा शिक्का आधीच्या शिक्क्याशी जुळत नाही, असं उत्तर आलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी, आमची सेवा आपल्याला कशी वाटली, असा प्रश्न असे आणि हसऱ्या, रडक्या चेहऱ्यांतून एक निवडायचा असे. बटणरावांना हवा तसा चेहरा त्या ओळीत नव्हता.

शेवटी हताश होऊन ते बघतोसाहेबांच्या खोलीत बसले असताना बघतोसाहेबांनी त्यांच्यादेखत खातं उघडलं आणि चहा पीत पीत काहीतरी काम केलं. त्यांच्याकडे पासवर्ड पहिल्यापासून होता. मग हे सांगितलं का नाही, असं बटणरावांनी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं. बघतोसाहेब म्हणाले की तुम्ही पत्राचा मसुदा मागितलात, शिक्का मागितलात. पासवर्ड कुणी मागितलाच नाही.

असो. आत शिरल्यावर बटणरावांनी पहिला हुकूम काढला तो असा: संध्याकाळी कार्यालय बंद झालं की सगळी मशीन बंद, सकाळी कार्यालय उघडलं की चालू. बघतोसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बटणराव तोवर निघून गेले होते. आठवड्याभरात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. चौकशीअंती कळलं की शिडीची आठवण माणसाला दिवा गेल्यावर होते, आणि दिवा गेल्याचं संध्याकाळी कळतं. नेमक्या त्याच वेळी कारखान्याची वेबसाइट बटणरावांच्या हुकमानं झोपलेली असे. हुकूम गुपचूप मागे घेण्यात आला.

मग त्यांनी फोटोंकडे मोर्चा वळवला. एकेका स्टुलाचे चाळीस चाळीस फोटो. समोरून, मागून, खालून. खालून स्टूल कुणाला बघायचं असतं? बटणरावांनी आपल्या हातानं एकसारखे दिसणारे फोटो उडवले. उडवताना कुठलीतरी नावं कुठल्यातरी फोटोंना चिकटली. चौथ्या दिवशी एका गायन शिकवणाऱ्या वयस्कर बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, त्यांनी मागवलेल्या दोन पायऱ्यांच्या स्टुलाऐवजी, तीस फुटी शिडी पोहोचली. जिन्यातून ती वळेना. पण पोहोचवणारे लोक कर्तव्यदक्ष होते. त्यांनी ती बाहेरून दोरांनी ओढून खिडकीतून आत घेतली आणि सही घेऊन गेले. बटणराव स्वतः माफी मागायला गेले तेव्हा शिडीचं एक टोक स्वयंपाकघरात होतं आणि दुसरं बाल्कनीतून बाहेर आलं होतं, त्यावर दोन कबुतरं बसली होती. बाईंनी फार काही ऐकवलं नाही. इतकंच विचारलं की तुम्हांला मी किती उंचावर काय ठेवते असं वाटलं.

या अपमानातून सावरून ते पुन्हा कामाला लागले. कुठलीही वस्तू फेकण्याआधी ती एकदा नीट पाहावी, हा त्यांचा घरचा नियम. त्यानुसार क्लाउडवरचं होतं नव्हतं ते सगळं त्यांनी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, की बाबा, आपल्या अंगणात आणून निवडू. महिनाअखेरीला बिल आलं ते आधीच्या बिलापेक्षा मोठं. क्लाउडवर सामान ठेवायचं भाडं असतं हे त्यांना माहीत होतं. तिथून बाहेर काढायचंही भाडं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्यावर अंधार झाला होता ते हिशेबनीस त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या टेबलाशी आले आणि ही बचत नेमकी कुठल्या दिशेनं मोजायची, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं.

त्या संध्याकाळी बटणराव घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. समोरच्या घरात पाणीपुरवठा खात्यातले एक निवृत्त अभियंता राहत. इमारतीत त्यांना जलसाहेब म्हणत. ते रोज वर्तमानपत्र वाचायला यांच्याकडे येत, कारण स्वतःचं वर्तमानपत्र घेणं म्हणजे गळती, असं त्यांचं तत्त्व होतं. जगातला कुठलाही प्रश्न, मग तो संसाराचा असो की सरकारचा, त्यांच्या मते अखेर गळतीचाच असे. त्यांनी सगळी हकिगत डोळे मिटून ऐकली. मग त्यांनी सांगितलं की तुम्ही पाइप हुंगत बसलात, हीच चूक. आमच्याकडे शहराचे जुने नकाशे उंदरांनी खाल्ले होते. कुठली लाइन कुणाला जाते हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही काय करायचो?

"कॉक बंद करायचा आणि गप्प बसायचं," जलसाहेब म्हणाले. "ज्याचं पाणी गेलं तो ओरडत येतो. कुणी ओरडलं नाही, तर ती लाइन फुकट."

बटणरावांना हे इतकं पटलं की त्यांनी जलसाहेबांना वर्तमानपत्र घरी न्यायची परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बघतोसाहेबांकडून, ज्यांचा मालक माहीत नाही अशी मशीन कुठली, ते विचारून घेतलं. नावं अशी होती: टेस्ट-दोन, टेस्ट-दोन-खरी, नवीन, नवीन-जुनी आणि तात्पुरतं-तीन. टेस्ट-एक कुठे आहे, हे कुणी सांगू शकलं नाही. सगळ्यांत वयोवृद्ध होतं तात्पुरतं-तीन. ते आठ वर्षं अखंड चालू होतं. बटणरावांच्या घरी न्हाणीच्या दाराला टेकवलेला एक तात्पुरता दगड बायको या घरात आली तेव्हापासून होता, त्यामुळे त्यांना याचं विशेष आश्चर्य वाटलं नाही.

त्यांनी एकेक कॉक बंद केला. नवीन-जुनी बंद होताच माल रवानगीचा कारकून जिन्यावरून ओरडतच आला, म्हणून ते लगेच चालू केलं. बाकीच्यांबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. सगळीकडे शांतता. बंद मशीनच्या पोटातल्या सामानाचंही थोडं जागाभाडं लागतं, असं बघतोसाहेब सहज बोलून गेले, तेव्हा बटणरावांनी ती मशीन कायमची पुसून टाकायचं फर्मान काढलं. पुसण्याआधी क्लाउडनं विचारलं, नक्की? बटणराव म्हणाले, नक्की. अगदी नक्की? अगदी नक्की. परत मिळणार नाही. बटणरावांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं, आणि आयुष्यात दाबलेल्या सगळ्या बटणांपेक्षा या एका बटणानं त्यांना जास्त समाधान दिलं.

पुढचं बिल निम्म्यावर आलं. बैठकीत मालकांनी बटणरावांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलावं म्हणून ओठ हलवले, आणि म्हणाले, "हं." मालकांच्या बाबतीत हे भाषणच होतं. त्या दिवशी बटणराव कारखान्यात असे चालत होते की समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत.

पण त्यानंतर कारखान्यात काहीतरी बिनसायला लागलं. आधी पॅकिंगच्या मावशी. या कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. शिडी गुंडाळताना तिच्याशी बोलायच्या, नीट जा, पाय घसरू देऊ नकोस. त्या अचानक गप्प झाल्या. मग ड्रायव्हर मालकांना सलाम न करता दार उघडू लागला. हिशेबनीसांनी वीस वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली आणि कारण लिहिलं, 'मन नाही.' जेवणाच्या सुट्टीत कुजबुज चाले. मालक बदलले. कारखाना विकणार आहेत, म्हणून आतापासूनच माणसं तोडतायत. मालकांना काहीच कळत नव्हतं. ते जास्तच गोंधळून जास्तच गप्प बसू लागले, आणि त्यानं संशय जास्तच पक्का झाला. बटणरावांनी या सगळ्याचं निदान हवेतला बदल असं केलं.

आणि मग त्यांचा स्वतःचा वाढदिवस आला.

ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नसती, पण त्या दिवशी सकाळी ते दाढी करायच्या आधी फोन बघत. मालकांचा संदेश येई आणि त्यात एक वाक्य असे: 'तुम्ही फेरी मारून गेलात की कारखाना कुणीतरी सांभाळतंय असं वाटतं.' दरवर्षी तेच वाक्य यायचं, त्यावरून मालक शब्दाचे पक्के आहेत असा निष्कर्ष बटणरावांनी काढला होता. या वर्षी फोन वाजला नाही. त्यांनी दाढी लांबवली. चहा लांबवला. फोन बिघडलाय का, हे बघायला स्वतःच बायकोला शेजारच्या खोलीतून फोन लावला. कारखान्यात मालक दोनदा समोरून गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली. आपण त्यांचं बिल निम्म्यावर आणलं, आणि त्यांनी आपल्यालाच खर्चातून वगळलं, असं बटणरावांना वाटलं. त्या दिवशी त्यांनी दुपारची फेरी मारली नाही.

संध्याकाळी बायको शाळेतून आली तर स्वयंपाकघरात दिवा, न्हाणीघरात दिवा, आतल्या खोलीत पंखासुद्धा चालू, आणि नवरा पुढच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेला. ती घाबरलीच. कपाळाला हात लावून पाहिला. बरंच खोदून विचारल्यावर त्यांनी फोन काढला आणि आजवरचे सगळे संदेश तिच्यापुढे धरले. या माणसासाठी मी काय नाही केलं, असं काहीसं ते पुटपुटले.

बायकोनं संदेश खालीवर करून पाहिले. मग विचारलं, तुमचे मालक सकाळी किती वाजता उठतात? बटणराव म्हणाले, साडेआठला. त्याआधी त्यांना देवही उठवू शकत नाही.

"मग हे सगळे संदेश दरवर्षी बरोबर सातच्या ठोक्याला कसे आले?" ती म्हणाली. "अहो, हा माणूस आहे की गजर?"

बटणराव भिंतीकडे बघत होते ते बघतच राहिले. सातचा ठोका. आठ वर्षं. न चुकता. कुणाला न सांगता. त्यांना मावशी आठवल्या, ड्रायव्हर आठवला, हिशेबनीसांची रजा आठवली. या सगळ्यांचे वाढदिवस गेल्या दोन महिन्यांतलेच. कॉक बंद केल्यावर माणसं ओरडत येतात असं जलसाहेब म्हणाले होते. पण मनाला लागलं की माणूस ओरडत नाही, गप्प होतो, हे काही पाणीपुरवठा खात्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघतोसाहेबांनी बघितलं आणि सांगितलं की हो, ते तात्पुरतं-तीनच होतं, आणि त्यातलं काही म्हणजे काही उरलेलं नाही. हे ज्यांनी उभं केलं त्या संगणकबाईंचा पत्ता अखेर मावशींकडे मिळाला. बाईंनी गावाबाहेर रोपवाटिका काढली होती आणि मावशी त्यांच्याकडून कुंड्या नेत. इतके दिवस आपण शिक्के करत बसलो आणि पत्ता तळमजल्यावर होता, हा विचार बटणरावांनी वाटेत बसमध्ये गिळला.

बाई गुडघ्यांवर बसून रोपं एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत लावत होत्या. बटणरावांनी सगळं सांगितलं, बोट दाबल्याचंसुद्धा. बाई रागावल्या नाहीत. इतकी वर्षं ते चालू होतं याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी सांगितलं ते असं. आठ वर्षांपूर्वी मालक त्यांच्याकडे आले होते. माणसांचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत, आणि राहिले तरी समोर जाऊन बोलता येत नाही, यावर काही मशीन मिळतं का, असं त्यांनी विचारलं होतं. बाईंनी अट घातली की वाक्यं तुमची हवीत. मग दुपारी दुपारी मालक त्यांच्या खोलीत येऊन बसत आणि एकेका माणसाविषयी सांगत. बोलायला लागले की थांबत नसत. फक्त तो माणूस समोर नको. ठरलं होतं एका वर्षापुरतं, म्हणून नाव तात्पुरतं. पुढच्या वर्षीपर्यंत मालक हे सांगितल्याचंच विसरून गेले, आणि बाईंनी आठवण करून दिली नाही. नंतर कामावर आलेल्यांची वाक्यं त्यांनी मालकांच्या धाटणीत स्वतः रचली.

म्हणजे मालक विसरत नाहीत, हेच मुळात मालक विसरले होते.

बटणरावांनी हातातली टोपी दोनदा फिरवली. मग, माझं वाक्य कुणाचं, असं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्यांचंच," बाई म्हणाल्या. "मी त्यात काटकसर असा शब्द घातला होता. तो त्यांनी काढायला लावला. म्हणाले, त्या माणसाला सगळे तेवढ्यासाठीच ओळखतात, आपण तरी नको."

बटणरावांनी समोरचं एक रोप फार बारकाईनं न्याहाळलं. ते कशाचं होतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ते निघाले तेव्हा बाईंनी मागून हाक मारली. त्या मशीनमध्ये कामावरच्या लोकांखेरीज आणखी एक नाव होतं, मालकीणबाईंचं. लग्नाच्या वाढदिवसाचं. आणि तो परवावर आला होता.

सकाळी मालक आल्या आल्या बटणराव आत गेले, दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे मला सगळं आठवतं, असं लोकांना वाटत होतं?"

बटणराव हो म्हणाले.

"तरीच," मालक म्हणाले. "माणसं येऊन आभार मानायची. मला वाटायचं, पगाराचे मानतात."

मग बटणरावांनी उद्याची तारीख सांगितली. मालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि लगेच त्याची जागा भीतीनं घेतली. त्यांनी सांगितलं की वर्षातून एकदा बायको काही न बोलता नवा शर्ट काढून ठेवते. त्यांना आजवर वाटायचं, जुना विटला असेल.

नवीन मशीन ताबडतोब घ्यावं, असं दोघांनाही एकाच वेळी सुचलं. पण मधल्या काळात उत्साहाच्या भरात बटणरावांनीच नियम केला होता की नव्या मशीनचा अर्ज तीन सह्यांनी, कारणांसकट, आणि पंधरा दिवस विचाराधीन ठेवल्यावरच मंजूर व्हावा. तिसरी सही त्यांचीच होती. आपला नियम आपणच मोडावा का, यावर ते विचार करत होते, तेवढ्यात मालकांनी कागद पुढे ओढला. मी लिहितो, म्हणाले.

ती दुपार बटणराव विसरणार नाहीत. मालक एक शब्द लिहीत, खोडत, खिडकीतून शिड्यांकडे बघत. बटणरावांनी मदत म्हणून जीवनसागर, सहप्रवासी, मंगल क्षण असे शब्द सुचवले. मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि एकही घेतला नाही. दिवस मावळता मावळता जे तयार झालं ते एवढंच होतं: 'तुझ्याबरोबर बरं चाललय. मी बोलत नाही, पण मला माहित आहे.' 'माहीत'मधला 'ही' दीर्घ असतो आणि 'चाललंय'वर टिंब असतं, हे बटणरावांनी सुचवून पाहिलं. मालक म्हणाले, राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो संदेश स्वतःच्या बोटांनी पाठवला. पावणेनऊ वाजले होते.

साडेदहाला मालकीणबाईंचा फोन आला. मालकांना नव्हे, बटणरावांना. त्यांनी विचारलं की यंदाचं त्यांनी स्वतः लिहिलंय का. बटणराव जरा अडखळले, आणि अडखळले की खोटं बोलायची वेळ निघून जाते. त्यांनी हो म्हटलं, मागचंही थोडक्यात सांगितलं.

"मागचं मला ठाऊकच होतं," मालकीणबाई म्हणाल्या. "इतकं शुद्ध लिहिलेलं आमच्या घरातलं असणं शक्य नाही. पण निदान कुणाकडून तरी लिहून घेतायत, यातही माया असतेच, म्हणून मी कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "ते मशीन पुन्हा लावू नका."

मशीन लावलं नाही. त्याऐवजी आता वाढदिवस असेल त्याला मालक आपल्या खोलीत बोलावतात आणि दोघं चहा घेतात. तारखा सांगायचं काम बटणरावांकडे आहे. ज्यांचे हुकले होते त्यांचे उशिरा झाले. मावशींना मालकांनी सांगितलं की तुमचं पॅकिंग चांगलं असतं. हे वाक्य सापडायला त्यांना संपूर्ण कप लागला. मावशी बाहेर आल्या त्या डोळे पुसत, आणि मालकांची तब्येत बरी नाही का, असं चार जणांना विचारत. ड्रायव्हर आणि मालक अर्धा तास नुसते समोरासमोर बसून होते, आणि दोघंही खूश होऊन बाहेर आले. मालकांचा अर्धा तास, त्या माणसाचा अर्धा तास, वर चहा. हे सगळं मिळून तात्पुरतं-तीनच्या भाड्याच्या कितीतरी पट पडतं, हे बटणरावांनी पहिल्याच आठवड्यात काढलं होतं. पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि हिशेबनीसांनीही विचारलं नाही.

बटणरावांची पाळी सगळ्यांत शेवटी आली. चहा आला. मालकांनी बशी सरळ केली, पुन्हा तिरकी केली. खाली शिड्या गाडीवर चढवत होते, ते दोघांनी बघितलं. मालकांनी एकदा घसा साफ केला आणि बटणराव सावरून बसले, पण तो नुसताच साफ केला होता. कप रिकामे झाले. उठताना मालक म्हणाले, पुढच्या वर्षी आठवण करा. बटणराव म्हणाले, करतो.

घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले मालक? बटणराव बूट काढत म्हणाले की आज फार गप्पा झाल्या.